औषध नेमकं कुठे जाऊन लागतं? (एचआयव्ही, गोळ्या आणि प्रतिपिंडांची भानगड)

काचपट्टी | रविवार, रात्री ९:४०

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. "एड्सवर अँटिबॉडीचं इंजेक्शन आलं! वर्षातून दोन सुया, गोळ्या कायमच्या बंद!!" खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. तीन वेगवेगळ्या बातम्या एकाच पातेल्यात शिजवल्या होत्या. तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळल्यात, त्यामुळे गप्प बसवेना. तिथे लिहिलं असतं तर "काका, इथे फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोला" असं उत्तर आलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

मूळ प्रश्न साधा आहे. एचआयव्हीचं औषध घेतलं की ते कुठे जाऊन लागतं?

हा विषाणू म्हणजे सुमारे ९,७०० अक्षरांचा आरएनए आणि त्यावरची नऊ जनुकं. बाकी सगळा संसार दुसऱ्याच्या घरात. त्याला आपल्या सीडी-४ पेशीत (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, अंगावर सीडी-४ नावाचं प्रथिन असलेल्या) शिरावं लागतं. बाहेरच्या अंगाला जीपी-१२० नावाचं प्रथिन असतं, ते पेशीवरच्या सीडी-४ला धरतं. एवढ्याने काम होत नाही. धरल्यावर त्याला वाकून शेजारच्या सीसीआर-५ नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर टेकावं लागतं (काही विषाणू सीएक्ससीआर-४ वापरतात). मग जीपी-४१ दोन्हींची आवरणं एकमेकांत मिसळवतं आणि माल आत जातो. आत गेल्यावर आरएनएचा डीएनए होतो, हे काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचं. तो डीएनए आपल्या गुणसूत्रात टाचला जातो, हे इंटिग्रेजचं. नंतर आपलीच पेशी विषाणूची प्रथिनं एका लांब पट्टीत बनवून देते आणि प्रोटिएज नावाची कात्री ती पट्टी योग्य जागी कापते. कापली नाही तर बाहेर पडलेला विषाणू कच्चा राहतो, कुणाला लागण करू शकत नाही.

यातल्या जवळपास प्रत्येक पायरीवर आज औषध आहे. १९८७ साली पहिलं आलं ते एझेडटी, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजवरचं. ते खरं तर १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवून बाजूला टाकलेलं होतं. हल्ली सरकारी केंद्रात मिळणाऱ्या टीएलडीच्या एका गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला फसवतात. डीएनएची साखळी विणताना विषाणू यांनाच कडी समजून ओवतो, पण या कडीला पुढचा आकडा नसतो. साखळी तिथेच संपते. तिसरं डोल्युटेग्राविर, ते इंटिग्रेजच्या कामाच्या जागी असलेले मॅग्नेशियमचे दोन अणू धरून बसतं.

एक गंमत सांगतो, ती लक्षात ठेवली की पाकिटावरचं नाव वाचूनच कळतं. 'टेग्राविर'ने संपलं की इंटिग्रेज. 'नाविर' म्हणजे प्रोटिएज. 'विरॉक' म्हणजे सीसीआर-५. 'कॅपाविर' म्हणजे विषाणूच्या आतलं कवच, कॅप्सिड. आणि शेवटी 'मॅब' असेल तर ते प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. नावातच पत्ता लिहिलेला असतो.

ढकलपत्रातल्या "वर्षातून दोन सुया" म्हणजे लेनाकॅपाविर. शेपूट बघा: कॅपाविर. ते प्रतिपिंड नाहीच. प्रतिपिंडाचं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

---

टपरीवरचा तत्त्वज्ञ | रविवार, रात्री १०:०२

पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवतो.

---

सोनचाफा | रविवार, रात्री १०:३१

छान लिहिलंय काका. पण एक बावळट प्रश्न. पेपरात 'एचआयव्ही उपचारांचं लक्ष्य ९५-९५-९५' असं येतं. तुम्ही सांगताय ती लक्ष्यं आणि ही लक्ष्यं एकच का? मला वाटायचं ९५ टक्के विषाणू मारायचे.

---

काचपट्टी | सोमवार, सकाळी ७:१०

बावळट नाही, आपल्याकडे शब्दच एक पडलाय. औषधाचं लक्ष्य म्हणजे ते रेणूच्या कुठल्या जागी बसतं. ९५-९५-९५ हे संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचं, २०२५साठी ठरवलेलं. लागण झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांना आपल्याला लागण आहे हे माहीत असावं, माहीत असलेल्यांपैकी ९५ टक्के औषधावर असावेत, आणि औषधावर असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांच्या रक्तातला विषाणू दबलेला असावा. गुणाकार करून बघा, शंभरातले ८६च येतात. आधीचं ९०-९०-९० होतं, त्यात ७३ यायचे. तीन दारांतून गळती होते, म्हणून आकडा इतका वर ठेवावा लागतो.

आणि तिसऱ्या ९५ला एवढं महत्त्व का, त्याचा एक धागा पुण्यात सापडतो. जोडप्यातल्या एकालाच लागण आहे अशी १,७६३ जोडपी नऊ देशांतून घेऊन एक चाचणी झाली होती, त्यात पुणेही होतं. औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, असं २०११ मध्ये जाहीर झालं. विषाणू मोजण्याइतका उरत नसेल तर शरीरसंबंधातून पुढे जात नाही, हे आज आपण छातीठोकपणे सांगतो. त्याच्या पायातला एक मोठा दगड ही चाचणी.

---

हिरवी_वही | सोमवार, दुपारी ३:२५

काचपट्टीकाका, नेमक्या वेळी धागा काढलात. मी एका एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहे (केंद्र आणि गाव सांगत नाही). त्या ढकलपत्राची झळ मला बसलीय.

आमच्याकडे डबी मोजायची पद्धत आहे. पेशंटने आधीची डबी आणायची, उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतायच्या, दोन-दोन करत सरकवायच्या. गेल्या आठवड्यात एक दादा आले. ट्रकवर असतात, नऊ वर्षं औषधावर, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) कायम दबलेला, एकही तारीख न चुकवणारा माणूस. डबी ओतली. सहा गोळ्या उरायला हव्या होत्या, निघाल्या एकवीस. मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाईल पुढे केला. तेच इंजेक्शन, तेच जोडलेले हात. "ताई, आता सुई येणारच आहे, म्हणून जरा पोटाला आराम दिला."

पंधरा दिवस. मी रागावले नाही, रागावून माणूस परत येत नाही. पण आत काय चालू झालं असेल ते त्यांना सोप्या भाषेत सांगता येईना. कुणीतरी सांगाल का, अँटिबॉडी आली म्हणजे गोळी का बंद होत नाही?

जाता जाता एक. काकांनी मॅग्नेशियमचे अणू म्हटलं ना, त्याचा आमच्या टेबलावर रोज उपयोग होतो. पित्तावरचं गुलाबी-पांढरं औषध टीएलडीबरोबर घेऊ नका, आधी गोळी आणि दोन तासांनी ते, असं आम्ही सांगतो. त्यात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. गोळी त्यालाच पोटात धरून बसते, रक्तात पोचत नाही. कारण आज कळलं!

---

काचपट्टी | सोमवार, रात्री ९:१५

ताई, तुमच्या दादांसाठीच आजचं लिहितो.

प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखं प्रथिन. वरचे दोन हात एखादी विशिष्ट जागा पकडतात, खालचा दांडा आपल्या बाकीच्या फौजेला खुणावतो. हात एखाद्या जंतूला चिकटले की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, त्याची पकडायची जागाच झाकली जाते. दोन, दांडा बघून मारेकरी पेशी धावून येतात. औषध म्हणून वापरायचं तर यातलं आपल्याला काय हवं आणि काय नको, ते ठरवून प्रतिपिंड घडवावं लागतं.

आता वाटतं की सोपं आहे, जीपी-१२०ला चिकटणारं प्रतिपिंड बनवा. शरीर स्वतःही ते बनवतंच, आपली नेहमीची चाचणी त्याच प्रतिपिंडांवर चालते. पण विषाणू कुठे सापडतो? रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज म्हणजे मुद्रितशोधक नसलेला छापखाना, प्रत्येक आवृत्तीत नव्या चुका. शिवाय जीपी-१२०वर साखरेच्या रेणूंचं दाट पांघरूण असतं, आणि ती साखर आपल्याच पेशीने चढवलेली. घरातलीच शाल पांघरून आलेल्याला चोर कसं म्हणणार? त्यात जीपी-१२० विषाणूवर काट्यांसारखं उभं असतं, आणि एका विषाणूवर असे काटे जेमतेम डझन-दीड डझन, लांब लांब. प्रतिपिंडाला दोन्ही हातांनी दोन काटे धरायची सोय नाही, एका हाताने लोंबकळायचं.

तरीही काही रुग्णांच्या शरीरात, कित्येक वर्षांच्या झटापटीनंतर, न बदलता येणारी जागा पकडणारी प्रतिपिंडं तयार होतात. अशांपैकी व्हीआरसी-०१ हे २०१० मध्ये जाहीर झालं. ते नेमकं सीडी-४ला धरायच्या खाचेतच बसतं. ही खाच विषाणूला फार बदलता येत नाही, बदलली तर दारच उघडणार नाही. मग ४,६०० हून जास्त निरोगी लोकांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दर आठ आठवड्यांनी शिरेतून. २०२१ मध्ये निकाल आला: एकंदरीत लागण थांबली नाही. पण ज्या विषाणूंवर हे प्रतिपिंड चांगलं चालत होतं, त्यांची लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली. गोची अशी की असे विषाणू तिथे फिरणाऱ्यांपैकी साधारण तीस टक्केच. म्हणून आता दोन-तीन प्रतिपिंडं मिळून द्यायचे प्रयोग चालू आहेत. गोळ्यांच्या बाबतीत १९९६च्या सुमाराला हेच शिकलो होतो, एका औषधाला विषाणू चकवतो, तिघांना एकदम चकवणं जड जातं.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती मात्र वेगळीच आहे. इबालिझुमॅब. अमेरिकेत मार्च २०१८ मध्ये मान्यता मिळाली. हे विषाणूला हातच लावत नाही! ते आपल्या पेशीवरच्या सीडी-४लाच धरून बसतं.

मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा. विषाणू धावत येतो, दाराचा दांडा पकडतो. दांडा म्हणजे सीडी-४. आता पाय फुटबोर्डवर टेकला पाहिजे, तो सीसीआर-५. इबालिझुमॅब म्हणजे दाराशी आधीच उभा असलेला धिप्पाड गडी. दांड्याचं वरचं टोक तो मोकळं सोडतो, तिथे विषाणू धरतोसुद्धा. पण हा खालच्या भागाशी असा उभा राहतो की अंग वळवून पाय ठेवायला जागाच मिळत नाही. लोंबकळत राहतो नुसता.

आणि चोर रोज वेश बदलतो, डब्याचं दार बदलत नाही. म्हणून बऱ्याच गोळ्यांना दाद न देणाऱ्या विषाणूवरही हे चालतं. दुसरी खुबी प्रतिपिंडाच्या स्वतःच्या दांड्यात (लोकलच्या नव्हे). हे चिकटतं आपल्याच उपयोगी पेशीला. दांड्याने मारेकरी बोलावले तर पेशीचाच जीव जायचा. म्हणून मुद्दाम आयजीजी-४ जातीचा दांडा घेतलाय, जो फारशी हाकाटी करत नाही.

ताई, आता दादांचं उत्तर. हे इंजेक्शन ज्यांचे जवळपास सगळे गोळ्यांचे पर्याय संपलेत त्यांच्यासाठी आहे. ज्या चाचणीवर मान्यता मिळाली तिच्यात चाळीसच रुग्ण होते, तेही असे अडकलेले. आणि ते गोळ्यांऐवजी द्यायचं नाही, बाकीच्या औषधांच्या जोडीला द्यायचं. पहिल्यांदा २,००० मिलिग्रॅम शिरेतून, मग दर चौदा दिवसांनी ८००. वर्षाची किंमत अमेरिकेत आली तेव्हा १ लाख १८ हजार डॉलर. दादांची रोजची एक गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि ती उत्तम चालतेय. त्यांच्या विषाणूला आता बिघडायची संधी देऊ नका, एवढंच सांगा.

---

शंकासुर | सोमवार, रात्री ११:४८

सगळं ठीक, पण मग बरा का होत नाही रोग? सगळ्या जागा माहीत आहेत, सगळ्या जागी औषध आहे. मला विचाराल तर इलाज दाबून ठेवलाय. आयुष्यभर गोळी विकण्यात जो धंदा आहे तो बरं करण्यात नाही.

---

अर्धा_चहा | मंगळवार, सकाळी ८:०५

@शंकासुर, धंद्याचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, पण इथे उलटा लागू होतो. २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता, तेव्हा मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरमध्ये देतो म्हणून सांगितलं आणि सगळ्या जगाचा भाव उतरला. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी मोफत औषध सुरू झालं ते अशाच गोळ्यांवर.

बरा का होत नाही त्याचं उत्तर काकांच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे, 'गुणसूत्रात टाचला जातो'. काही सीडी-४ पेशी हा टाचलेला डीएनए घेऊन झोपी जातात. वर्षानुवर्षं. विषाणूचं एकही यंत्र तिथे चालू नसतं, मग गोळी कशाला लागणार? पेशीच्या बाहेर जीपी-१२० नसतं, मग प्रतिपिंड कशाला धरणार? गोळी थांबली की यातली एखादी जागी होते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत रक्तात पुन्हा विषाणू दिसायला लागतो. पंधरा दिवस म्हणजे अगदी काठावर.

जे मोजके लोक बरे झाले, पहिला बर्लिनचा टिमोथी ब्राऊन, त्यांना रक्ताचा कर्करोग होता. अस्थिमज्जा बदलावीच लागणार होती. त्यातल्या बहुतेकांसाठी दाता मुद्दाम असा निवडला की ज्याच्या पेशींवर सीसीआर-५ जन्मतःच नाही. म्हणजे फुटबोर्डच उखडलेला डबा. असे दाते उत्तर युरोपात थोडेफार सापडतात, आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. आणि त्या उपचारातच जीव जायचा धोका इतका, की दिवसाला एक गोळी घेणाऱ्या माणसाला कुणी शहाणा तो देणार नाही.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३०

बरं. झोपलेल्या पेशींचं पटलं. धंद्याचं नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:१२

मी पुण्याजवळ एका प्लँटमध्ये प्रतिपिंडंच शुद्ध करतो (एचआयव्हीची नाहीत). किंमत एवढी का, यावर आतल्या बाजूने थोडं.

गोळीतलं औषध भट्टीत रसायनं मिसळून होतं. प्रतिपिंड जिवंत पेशीकडून करून घ्यावं लागतं, बहुतेक वेळा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी. हजारो लिटरच्या टाक्या, दोन आठवडे त्यांना खाऊपिऊ घालायचं, तापमान थोडं इकडेतिकडे झालं की रुसतात. मग ते सगळं पाणी प्रोटीन-ए लावलेल्या नळकांड्यातून सोडायचं. प्रतिपिंड दांड्याने तिथे चिकटतं, बाकी घाण वाहून जाते. शेवटी आंबट द्रव सोडला की पकड सुटते. पडद्यावरची रेघ इतका वेळ सपाट असते, मग एकदम सरळ वर चढते. रात्री तीनला तो उंचवटा दिसला की चहा गोड लागतो.

यात एक मजा आहे. आमच्या नळकांड्यात आंबटपणाने पकड सुटते, शरीरात बरोब्बर उलटं. रक्तातली प्रथिनं पेशी गिळते आणि आंबट पिशवीत घालून मोडीत काढते. तिथे एफसीआरएन नावाचा एक राखणदार आंबटातच प्रतिपिंडाचा दांडा धरतो, परत पृष्ठभागावर नेतो आणि रक्तात सोडून देतो. म्हणून आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची मुख्य जात) तीन आठवडे टिकतं, बाकीची बरीच प्रथिनं काही दिवसांत संपतात. दांड्यातली दोन अमिनो आम्लं बदलली की ही पकड आणखी घट्ट होते आणि सुया लांब लांब अंतराने देता येतात. एचआयव्हीच्या नव्या प्रतिपिंडांच्या नावापुढे 'एलएस' दिसतं ते हेच.

आणि पुण्याचा संबंध म्हणाल तर आमच्या सीरम इन्स्टिट्यूटने एचआयव्हीची प्रतिपिंडं स्वस्तात बनवायला २०१८ मध्ये आयएव्हीआय या एड्सची लस शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी हातमिळवणी केली होती. कुत्रा चावल्यावर देतात त्या रेबीजच्या प्रतिपिंडाचा अनुभव त्यांना आहेच.

---

पागेजवळचा | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

प्रतिपिंडं नवीन आहेत असं सगळे लिहिताहेत म्हणून मध्ये तोंड घालतो. माझं लहानपण पिंपरीत गेलं. हाफकिनचे घोडे माहीत नाहीत असा त्या भागात माणूस नसेल. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचत वाढवायचं, मग रक्तातून काढायचं ते काय? प्रतिपिंडंच ना? माझ्या आजोबांना घोणस चावली तेव्हा त्यावरच वाचले. अंगावर पित्त उठलं होतं हातभर, पण वाचले.

---

काचपट्टी | मंगळवार, रात्री ८:५०

@पागेजवळचा, अगदी. घटसर्पावर १८९०च्या दशकातच हे सुरू झालं, बेहरिंगला १९०१चं पहिलं वैद्यकाचं नोबेल त्याच्यावरच. फरक असा की घोड्याच्या रक्तात शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांची मिसळ असते, आणि ती घोड्याची असतात, म्हणून आजोबांना पित्त उठलं. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचं प्रतिपिंड हवं तेवढं बनवायची रीत काढली, ते उंदराचं. मग हळूहळू उंदराचा भाग काढत माणसाचा घालत गेले. इबालि'झु'मॅबमधला 'झु' म्हणजे बहुतेक माणसाचं, टोकाला थोडा उंदीर.

आणि रात्रपाळी, धन्यवाद. आंबटाचं मला माहीत होतं, पण दोन्ही उलट आहेत हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

टपरीवरचा तत्त्वज्ञ | मंगळवार, रात्री ९:२०

लेनाकॅपाविरचं राहिलं. ते कशाला धरतं? आणि ते तरी गोळ्या बंद करतं का?

---

काचपट्टी | मंगळवार, रात्री १०:०५

विषाणूच्या आत कॅप्सिडचं शंकूसारखं कवच असतं, षटकोनी आणि काही पंचकोनी तुकड्यांचं. लेनाकॅपाविर तुकड्यांच्या सांध्यात शिरतं. कवच पेशीत वेळेवर, नीट उघडायला हवं, आणि नवं कवच नीट जुळायला हवं. हे दोन्हीकडे घोळ घालतं. त्वचेखाली दिलं की सहा महिने झिरपत राहतं. २०२२ मध्ये ते अडकलेल्या रुग्णांसाठी आलं, तेही इतर औषधांच्या जोडीनेच. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती लागण नसलेल्यांना, लागण होऊ नये म्हणून. आधीच्या चाचणीत हे घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. बातमी खरीच मोठी आहे, पण ती दादांसाठी नव्हती.

---

हिरवी_वही | शुक्रवार, दुपारी ४:४०

दादा आज आले होते, मी फोन करून बोलावलं होतं. त्यांच्या हिरव्या वहीच्या मागच्या पानावर लोकलचा डबा काढला, दांडा, फुटबोर्ड, मध्ये धिप्पाड माणूस. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ताई, मी कधी लोकलमध्ये बसलोच नाही. ट्रकच्या केबिनचं दाखवा." पायरी, दांडा आणि दारात बसलेला क्लीनर असं नव्याने काढलं. मग कळलं.

डॉक्टरांनी तपासलं, गोळी त्याच दिवसापासून परत चालू. व्हायरल लोडचं रक्त कधी घ्यायचं ते त्यांनी ठरवलंय, तारीख वहीत लिहून दिली. एकवीस गोळ्या दादांनी स्वतः मोजून परत डबीत भरल्या. जाताना विचारत होते, ते चित्र पाठवायचं का त्यांच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर.

---

सोनचाफा | शुक्रवार, संध्याकाळी ५:०२

ताई, क्लीनरवालं चित्र इथे पण टाका ना.